इंजिन ऑईल खाते, की बाहेर फेकते?

दुभती म्हैस दोन पेंढ्या जास्त खाते म्हणून कुणी कुरकुरत नाही. खाल्लेले ती दुधात परत देते. पण दारातला ट्रक ऑईल खाऊ लागला, की घरधन्याची झोप उडते. डिझेलचा खर्च धरलेला असतो, टायरचा धरलेला असतो, ऑईलचा मात्र कुणी धरलेला नसतो. आज एक लिटर, चार दिवसांनी आणखी एक लिटर, असे होता होता एके दिवशी गॅरेजवाला सांगतो, "इंजिन उघडावे लागेल." आणि घरात सगळ्यांची तोंडे उतरतात.

आमच्या घरी हे घडले. त्यातून आम्ही जे शिकलो, ते ज्यांच्या दारात जुना ट्रक, टेंपो किंवा ट्रॅक्टर आहे अशा शेतकरी कुटुंबांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

ऊस उभा आणि ट्रक आडवा

आमचे गाव गोदाकाठचे. २०२१-२२ चा गळीत हंगाम आमच्याकडच्या ऊसवाल्यांना चांगला आठवत असेल. ऊस अमाप झाला होता. मराठवाड्यात काही ठिकाणी जून उजाडला तरी ऊस फडात उभा होता. अशा वर्षी वाहन ज्याच्या हाती, त्याचा ऊस आधी जाणार. दादांनी कर्ज काढून घेतलेला आमचा सहाचाकी जुना ट्रक घरचा ऊस वाहून शेजाऱ्यांच्याही खेपा करीत होता. कारखाना चाळीस किलोमीटरवर, जाऊन-येऊन ऐंशी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीस ड्रायव्हरने सांगितले, "दर चार-पाच खेपांना लिटरभर ऑईल टाकावे लागते." इंजिनाच्या मागच्या बाजूला, क्लचच्या घरापाशी, ऑईल निथळत होते. तालुक्याच्या गॅरेजात मागचे ऑईल सील बदलून घेतले. आठ दिवसांत पुन्हा तेच. सील दुसऱ्यांदा बदलले, टॅपेट कव्हरचे पॅकिंगही नवे टाकले. तरी पुन्हा तेच! मग गॅरेजात निदान झाले, की इंजिन बॅक मारते, रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावे लागेल. खर्च साठ-सत्तर हजार आणि ट्रक आठ-दहा दिवस उभा. भर हंगामात आठ दिवस ट्रक उभा ठेवणे म्हणजे काय, हे ऊसवाल्यास सांगायला नको. पैशांसाठी वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवायच्या, इथवर गोष्ट आली.

वहिनी म्हणाल्या, "पाटल्या न्या. पण त्याआधी एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. दोनदा सील बदलून तिथूनच ऑईल येते, म्हणजे सीलचा दोष नसेल. माझ्या कुकरची शिट्टी तुंबली की वाफ रबरातून येते. तेव्हा मी रबर बदलत नाही, शिट्टी साफ करते."

त्या वेळी आम्ही हसलो. पुढे कळले, की इंजिनाचे सारे मर्म त्या बोलण्यात होते.

इंजिनाला श्वास हवा

डिझेल इंजिनाच्या सिलेंडरमध्ये हवा दाबली जाते, तापते, तिच्यात डिझेलचा फवारा उडतो आणि स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टन आणि लायनर यांच्यामधली फट रिंगा झाकतात. पण रिंगेला स्वतःची एक बारीक चीर असते. त्याशिवाय ती लायनरमध्ये बसणारच नाही. त्यामुळे इंजिन कितीही नवे असो, दर स्फोटाला थोडा धूर पिस्टनच्या बाजूने खाली, क्रँक फिरते त्या पोकळीत उतरतो. गॅरेजात ह्यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेले ६९७ इंजिन घ्या. त्याच्या नावातच ६ सिलेंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास आहे. असे सहा पिस्टन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी नाचत असताना, प्रत्येकाच्या बाजूने चिमूटभर धूर उतरला तरी एकूण धूर किती होईल, ह्याचा अंदाज करा.

हा धूर नुसता धूर नसतो. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेले डिझेल असते, काजळी असते आणि आम्ल तयार करणारे वायू असतात. तो आत कोंडला तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पोकळीत दाब वाढतो आणि दाबाला जिथे वाट मिळेल तिथून तो ऑईल ढकलतो. मागचे सील, पुढचे सील, टॅपेट कव्हर, ऑईलची पट्टी घालण्याचे भोक, जे कमकुवत असेल ते भिजते. दुसरे म्हणजे वाफ आणि काजळी ऑईलमध्ये मिसळून काळा गाळ होतो आणि ऑईल लवकर नासते.

म्हणून इंजिनाला श्वास सोडायला एक वाट दिलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. टॅपेट कव्हरवर किंवा ब्लॉकच्या कुशीत एक डबी असते, तिच्यात तारेची जाळी असते आणि तिथून एक नळी निघते. जाळीवर ऑईलचे तुषार अडून परत खाली ओघळतात आणि कोरडा धूर बाहेर जातो. कुकरच्या शिट्टीचे काम ते हेच.

नळीचा थोडा इतिहास

जुन्या मोटारींना ही नळी सरळ रस्त्याच्या दिशेने खाली सोडलेली असे. तिचे टोक तिरपे कापलेले असे. गाडी धावू लागली, की त्या टोकापाशी वाऱ्याने ओढ निर्माण होई आणि इंजिनातला धूर आपोआप बाहेर खेचला जाई. गाडी जागेवर उभी असली म्हणजे मात्र ही ओढ नाही. कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या ट्रकची आठवण इथे ठेवावी.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यावे लागत. उघड्या नळीतून पाणी इंजिनात शिरू नये म्हणून हा धूर बाहेर न सोडता इंजिनाच्याच हवेच्या वाटेत परत देण्याची युक्ती तेव्हा वापरात आली. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे धुरके दाटू लागले. मोटारींतून निघणारे न जळलेले इंधन आणि ऊन यांच्या संयोगाने ते होते, हे हागेन-स्मिट ह्या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. १९६१ साली कॅलिफोर्निया राज्याने नव्या मोटारींच्या ह्या धुरासाठी बंद व्यवस्थेचे बंधन ठरविले. वाहनांच्या धुरावर घातलेल्या पहिल्या बंधनांपैकी हे एक.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. तिच्या पलीकडे जी ओढ असते, ती हा धूर खेचून घेते. साध्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते, म्हणून तशी ओढही नसते. त्यामुळे जुन्या डिझेल ट्रकांना बहुधा उघडी नळीच असते, आणि बंद व्यवस्था असलेल्या इंजिनात ती नळी टर्बोच्या तोंडापाशी नेऊन जोडलेली असते. बंद व्यवस्थेत धुरातले ऑईल गाळण्यासाठी वेगळी गाळणी आणि दाब सांभाळणारी रबरी पडद्याची झडप असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यानंतरच्या ट्रकांत ही व्यवस्था अधिक दिसते. तिची गाळणी ठराविक मुदतीने बदलायची असते, हे अनेक मालकांना ठाऊकच नसते.

आधी मोजा, मग बोला

'गाडी फार ऑईल खाते' हे बोलणे झाले. किती खाते, हा हिशेब झाला. गॅरेजला जाण्यापूर्वी हा हिशेब हाती हवा.

ट्रक सपाट जागेवर उभा करावा. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण घालावी, मग काढून पाहावी. दर वेळी जागा तीच आणि वेळ तीच. आमच्याकडे पहाटे ट्रक सुटण्यापूर्वी हे काम होते. वही वहिनींकडे असते. तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल आणि टाकलेले ऑईल, एवढ्या चार रकान्यांत सारा कारभार.

त्या फेब्रुवारीत आमची वही सांगत होती, की ४०० किलोमीटरला १ लिटर, म्हणजे १,००० किलोमीटरला अडीच लिटर. ट्रक भरल्या मालाने सरासरी लिटरला ४ किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटरला २५० लिटर डिझेल. अडीचशेला अडीच, म्हणजे शेकडा एक. काही कंपन्यांच्या पुस्तकात ऑईलची मर्यादा डिझेलच्या टक्क्यांत दिलेली असते. म्हणून हा टक्का काढून ठेवावा आणि आपल्या इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. थोडे ऑईल प्रत्येक इंजिन जाळते. तो दोष नव्हे.

इथे एक सावधगिरी हवी. पट्टीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल कधी भरू नये. ते क्रँकला लागून घुसळले जाते, फेसाळते आणि ब्रीदरवाटे बाहेर पडते. मग मालक म्हणतो इंजिन ऑईल खाते, आणि पुन्हा भरतो!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ऑईल कमी होत नाही, उलट वाढते, असे दिसले तर आनंद मानू नये. पट्टीला डिझेलचा वास येतो का पाहा. येत असेल तर डिझेल ऑईलमध्ये उतरते आहे. ऑईल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. ह्या दोन्ही स्थितींत ट्रक चालवू नये.

ऑईल जाते कोठे?

ऑईलला इंजिनातून बाहेर पडायला वाटा मोजक्याच आहेत. त्या एकेक करून तपासल्या, की चोर सापडतो.

पहिली वाट म्हणजे उघड गळती. इंजिन धुऊन कोरडे करावे आणि एक खेप करून आल्यावर पाहावे. रात्री खाली जुना पुठ्ठा पसरावा. वाऱ्याने ऑईल मागे मागे पसरते, म्हणून सर्वांत भिजलेली जागा हे गळतीचे मूळ नव्हे. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी.

दुसरी वाट म्हणजे जळणे. सायलेन्सरचा निळसर धूर ही जळणाऱ्या ऑईलची खूण. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. सकाळी चालू करताना निळा लोट येऊन नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. चढावर, भरल्या मालाने सतत निळा धूर येत असेल तर रिंगा आणि लायनरवर संशय घ्यावा. ह्या खुणा आहेत, निकाल नव्हे.

तिसरी वाट टर्बोची. टर्बोच्या दांड्याला इंजिनाचे ऑईल मिळते आणि ते एका नळीतून स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परत येते. ती नळी काजळीने भरली, वाकली किंवा क्रँकच्या पोकळीत दाब वाढला, की परतणारे ऑईल अडते आणि सीलमधून हवेच्या किंवा धुराच्या बाजूस जाते. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर टर्बो जोराने ओढ घेतो आणि त्या ओढीनेही ऑईल हवेच्या वाटेत येते. टर्बो बदलण्यापूर्वी फिल्टर, परतीची नळी आणि ब्रीदर पाहावेत.

चौथ्या वाटेकडे कुणाचे लक्ष नसते. एअर ब्रेकच्या ट्रकला हवेचा कॉम्प्रेसर असतो आणि त्याला बहुधा इंजिनाचेच ऑईल जाते. त्याच्या रिंगा झिजल्या, की ऑईल हवेच्या टाकीत जाते. टाकीचा खालचा नळ उघडून पाहावा. थोड्या पाण्याबरोबर पुष्कळ ऑईल निघाले तर चोर तिथे आहे. शिवाय झिजलेला कॉम्प्रेसर दाबाची हवा उलट क्रँकच्या पोकळीतही सोडतो. म्हणजे इंजिनाच्या रिंगा शाबूत असताना इंजिन बॅक मारल्यासारखे दिसते! लहान टेंपोला कॉम्प्रेसरऐवजी अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असला, तर ब्रेकच्या बूस्टरची गळतीही असाच चकवा देते. कारण पंप ओढलेली हवा इंजिनातच सोडतो.

झाकण आणि गवंड्याची नळी

वहिनींच्या बोलण्यानंतर आम्ही शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी आयुष्यभर इंजिनेच उघडली होती, पण ते आले ते पान्हे न घेता. म्हणाले, "आधी इंजिन चालू करा."

इंजिन गरम झाल्यावर त्यांनी ऑईल भरण्याचे झाकण सैल केले. फस्सकन धूर आला. मग तेच झाकण त्यांनी भोकावर उलटे ठेवले. ते जरा हलत राहिले, पण उडाले नाही. मेस्त्री म्हणाले, "रिंगा पार गेल्या असत्या तर झाकण सारखे उडत राहिले असते. इथे पहिला फुत्कार मोठा आणि नंतर शांत. धूर कोंडलेला होता. त्याला वाट नाही."

नंतर त्यांनी गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी मागितली. घराचे काम नुकतेच झाले होते, नळी होतीच. इंजिन बंद करून त्यांनी ऑईलची पट्टी काढली आणि तिच्या भोकावर नळीचे एक टोक घट्ट बसविले. उरलेली नळी इंजिनाच्या खालच्या पातळीला झोक्यासारखी लोंबती सोडली, झोक्यात पाणी घातले आणि मोकळे टोक वर बांधले. झोका खाली ठेवण्याचे कारण, पाणी चुकूनही इंजिनात जाऊ नये. इंजिन चालू करताच एका बाजूचे पाणी खाली गेले, दुसऱ्या बाजूचे वर चढले. दोहोंतला फरक वीतभर! मेस्त्रींनी इंजिन बंद करायला लावले, ब्रीदरची नळी डबीपासून सोडविली आणि पुन्हा चालू केले. आता फरक दोन बोटांचा.

"इंजिन नव्हे, नळी बिघडली आहे," ते म्हणाले आणि ट्रकखाली वाकले.

नळीच्या खालच्या टोकाला एक चिंधी बांधलेली होती. ऑईल, धूळ आणि काजळी शोषून तिचा दगड झाला होता.

ती चिंधी मी बांधली होती. दोन वर्षांपूर्वी त्या नळीतून ऑईलचे थेंब पडत, सारवलेले अंगण खराब होई, म्हणून वहिनी बोलल्या होत्या. मी मोठ्या हुशारीने जुन्या बनियनचा तुकडा नळीच्या तोंडाला तारेने आवळला आणि विसरून गेलो. थेंब थांबले. इंजिनाचा श्वासही थांबत चालला, तो मात्र कुणाला दिसला नाही. गॅरेजवाल्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. चिंधी बांधली आहे, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

मेस्त्रींनी डबी उघडली. जाळीही काळ्या गाळाने अर्धी भरली होती. ती डिझेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून बसविली. नळी आतून फुगून चिकटली होती, म्हणून ऑईल सोसणारी नवी जाड नळी टाकली. सगळा खर्च एका खेपेच्या भाड्याहून कमी. तिसऱ्यांदा सील बदलावे लागले, पण ते मग टिकले. पाटल्या कपाटातच राहिल्या.

पुढे वहीने जे सांगितले ते असे. २० खेपांना, म्हणजे १,६०० किलोमीटरला १ लिटर. टक्क्याचा जेमतेम पाव भाग. ट्रक एक दिवस उभा राहिला आणि हंगाम संपेपर्यंत चालला. हंगामानंतर कॉम्प्रेशन तपासले तेव्हा दोन सिलेंडर जरा कमजोर निघाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंजिन जुने आहे, एक दिवस ते उघडावेच लागेल. पण ते आपल्या सवडीने उघडणे वेगळे आणि ऊस फडात वाळत असताना कर्ज काढून उघडणे वेगळे.

मग इंजिन केव्हा उघडावे?

झाकण सतत उडत असेल, ब्रीदर मोकळा केला तरी नळीतून जोराने धूर भसाभस येत असेल, कॉम्प्रेसर निर्दोष असेल आणि चढावर निळा धूर असेल, तर रिंगांचा संशय बळकट होतो. तरीही उघडण्यापूर्वी एकेका सिलेंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. पिस्टन वर आणून सिलेंडरमध्ये दाबाची हवा सोडून पाहण्याची रीतही आहे. ही हवा ऑईलच्या झाकणाशी सूं सूं करू लागली तर रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे गॅस्केट. मोजमाप करून जो मेस्त्री सांगेल, त्याचे ऐकावे. नुसता कान लावून जो सांगेल, त्याच्याकडून आधी मोजून घ्यावे.

रिंगा लवकर झिजण्याचे एक मोठे कारण आपल्या शेतरस्त्यांची धूळ हे आहे. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी कुठे चिरली, किंवा तिची पट्टी सैल झाली, तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ सरळ आत जाते. पीठ दळताना जात्यात वाळू पडावी, तसे ते होते. हंगामाआधी ही नळी हाताने चाचपून पाहावी. कारखान्याच्या रांगेत इंजिन तासन्‌तास चालू ठेवण्याची सवयही वाईट. थंड इंजिन हलके चालत राहिले की डिझेल नीट जळत नाही, वाफ आणि काजळी वाढते, आणि गाळ ब्रीदरच्या जाळीत बसतो.

जिवाशी खेळ: न थांबणारे इंजिन

शेवटी एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला सांगून ठेवावी. डिझेल इंजिन बंद होते ते डिझेल तोडल्यामुळे. पण टर्बोच्या फाटक्या सीलमधून किंवा बंद व्यवस्थेच्या ब्रीदरमधून ऑईलच हवेच्या वाटेने सिलेंडरमध्ये जाऊ लागले, तर इंजिन त्या ऑईलवर चालते. चावी काढली तरी थांबत नाही. आवाज चढत जातो, धुराचा लोट येतो आणि इंजिन फुटेपर्यंत पळते.

अशा वेळी ट्रक उभा असेल आणि गिअर हाताचा असेल, तर ब्रेक करकचून दाबून सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन दबून बंद पडते. ते जमले नाही तर त्याची हवा तोडावी लागते. त्यासाठी हवेच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबावी. हात किंवा सैल कापड कधीही लावू नये. ओढ इतकी जबर असते की ते आत खेचले जाते. आवाज फारच चढला असेल तर जवळ न थांबता माणसांना दूर न्यावे. इंजिन पुन्हा मिळेल.

भारत स्टेज ६ च्या ट्रकवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. सायलेन्सरच्या वाटेवरील काजळी गाळणारी डीपीएफ गाळणी ऑईलच्या राखेने हळूहळू भरते, आणि ही राख काजळीसारखी जाळून टाकता येत नाही. म्हणून त्या ट्रकांत पुस्तकात सांगितलेले कमी राखेचे ऑईलच घालावे. स्वस्त ऑईल तिथे फार महाग पडते.

घरात लावून ठेवण्यासारखे

ऑईल रोज एकाच वेळी, एकाच जागी पाहावे. वही ठेवावी.

वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल भरू नये. वाढलेल्या ऑईलची चौकशी आधी करावी.

प्रत्येक ऑईल बदलीला ब्रीदरची जाळी धुवावी, नळी फुंकून पाहावी. बंद व्यवस्था असेल तर तिची गाळणी पुस्तकातल्या मुदतीने बदलावी.

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. हंगामाआधी टोक पाहावे.

ब्रीदरच्या नळीला चिंधी, बूच किंवा घट्ट बाटली कधी लावू नये. थेंब पडत असतील तर खाली पत्र्याचा डबा ठेवावा आणि थेंब का पडतात ते शोधावे.

एकच सील दोनदा गेले, तर तिसरे घालण्यापूर्वी दाब मोजावा.

चालू इंजिनाजवळ उपरणे, पदर, सैल बाह्या नकोत. पंखा आणि पट्टा कुणाची ओळख ठेवीत नाहीत.

ट्रकच्या ह्या वहीत वहिनी अजून रोज लिहितात. आमच्या अंगणात आता एक पत्र्याचा डबा असतो. त्यात महिन्याकाठी चमचाभर ऑईल जमते, आणि ते दिसले की वहिनी म्हणतात, "पडू द्या. श्वास चालू आहे."